अंगणात कुठलं झाड लावू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी ‘पाऊस यायच्या आत खड्डे खणून ठेवा’ एवढं दोन ओळीत लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा महिना सगळा त्यालाच देतेय. बहुतेकांनी झाडाचं नाव लिहिलंय, फुलाचा फोटो पाठवलाय, पण जागा किती आहे ते लिहिलेलंच नाही. पुढच्या वेळी प्लीज टेप घेऊन मोजा आणि कळवा, भिंत किती फुटांवर, वरून वायर जाते का, टाकी कुठे, ऊन किती वेळ. फूल महिनाभर असतं, झाड वर्षभर असतं आणि तेही पुढची पन्नास वर्षं.

प्रश्न (सातारा): ताई, आमचं नवीन रो हाऊस आहे, पुढे १२ बाय १५ फुटांचं अंगण. लहानपणी शाळेच्या वाटेवर गुलमोहर होते, तसा एक दारात हवाच असं मनात आहे. घरचे म्हणतात मुळं घर फोडतील. खरंच एवढा धोका असतो का?

साताऱ्याच्या माणसाला गुलमोहर नको म्हणणं मला जड जातंय, तुमच्याकडे १ मेला गुलमोहर दिवस साजरा करतात, आणि करावा असाच तो दिसतो त्या दिवसांत. पण १२ फुटांत नको, घरच्यांचं ऐका.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो उंच कमी आणि आडवा जास्त वाढतो, मोकळ्यावर लावला तर ३०-४० फुटांचा घेर सहज होतो. म्हणजे तुमच्या अंगणात निम्मं झाड शेजाऱ्यांच्या गच्चीवर आणि उरलेलं रस्त्यावर, मग दरवर्षी कोणीतरी येऊन त्याला छाटणार आणि ते झाड कायम लुळंपांगळं दिसणार. मुळांचं म्हणाल तर चांगला बांधलेला पाया मूळ सहसा फोडत नाही, पण गुलमोहराची मुळं वरवरच्या मातीत पसरतात, त्यामुळे पेव्हर ब्लॉक, फरशी, कंपाउंडची हलकी भिंत हे सगळं उचललं जातं, आणि ड्रेनेजचा चेंबर कुठे पाझरत असेल तर मुळं तिथे हमखास पोचतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकूड ठिसूळ. वळवाच्या पावसात किंवा जुलैच्या वाऱ्यात अख्खी जाड फांदी मोडून खाली येते. खाली तुमची गाडी असेल, मुलं असतील.

मग काय लावायचं? रंग तोच हवा असेल तर शंकासूर लावा. फूल बघाल तर छोटा गुलमोहरच, दोघं जवळचे नातलग आहेत. आठ-दहा फुटांवर थांबतो, लाल-केशरी आणि नुसता पिवळा असे दोन्ही मिळतात आणि वर्षातले बरेच महिने फुलतो. काटे असतात थोडे, फाटकाच्या अगदी लगत नको. आणि झाडच हवं असेल, म्हणजे खाली खुर्ची टाकून बसता येईल असं, तर कांचन. २०-२५ फुटांचा होतो, बेताचा पसरतो, तिसऱ्या वर्षापासून फुलायला लागतो. एक कांचन पावसाळा संपल्यावर फुलतो आणि दुसरा फेब्रुवारी-मार्चला पानं गाळून फुलतो, तेव्हा घेताना नर्सरीत विचारून घ्या. भिंतीपासून किमान सहा फूट सोडा.

ताम्हण मला फार आवडतो, आपलं राज्यफूल आहे, मे महिन्यात जांभळे तुरे आले की रस्त्यात थांबून बघावंसं वाटतं, पण त्याला पाणी लागतं, मूळचा तो ओढ्यानदीकाठचा. आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी उन्हाळाभर घालणार असाल आणि जागा थोडी मोठी असेल तरच.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येकाला सांगते. रोप आणलं की पिशवीसकट खड्ड्यात ठेवू नका हे सगळ्यांना माहीत असतं, पण पिशवी काढल्यावर खाली बघा. मी काही वर्षांपूर्वी एक बकुळ आणला होता, चांगला पाच फुटी, पानं चकचकीत, नर्सरीवाल्याने दोन वर्षं एकाच पिशवीत ठेवलेला. पाऊस आला म्हणून मी घाईघाईत पिशवी फाडली आणि तसाच लावला. सहा वर्षं छान वाढला. सातव्या वर्षी जुलैत रात्री वारा सुटला आणि सकाळी तो आडवा. मुळाशी बघितलं तर सगळी मुळं गोल गोल फिरलेली, एकमेकांना आवळलेली, त्या काळ्या पिशवीचाच आकार, तळातली घडीसुद्धा तशीच उमटलेली. बाजूच्या मातीत बोटाएवढी दोन मुळं गेली होती फक्त. अजून ते आठवलं की वाईट वाटतं, दोन मिनिटांचं काम होतं. तर पिशवी काढली की तळाची वेटोळी मुळं सरळ कात्रीने कापून टाका, बाजूला फिरलेली बोटांनी मोकळी करा, उभे दोन-तीन चिरे द्या, घाबरू नका, नवीन मुळं येतात. आणि शक्यतो दोन-तीन फुटी तरणं रोपच घ्या, पिशवीत म्हातारं झालेलं उंच रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

प्रश्न (ठाणे): आमच्या सोसायटीत सप्तपर्णीची चार झाडं आहेत. दिवाळीच्या सुमारास रात्री इतका उग्र वास येतो की माझ्या सासूबाईंचं डोकं दुखतं, त्यांना दमाही आहे. झाडं काढून टाकता येतील का?

आधी कायद्याचं सांगते कारण त्यात लोक फसतात. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि तो खाजगी जागेतल्या झाडालाही लागू होतो. सोसायटीने ठराव केला म्हणून झाड तोडता येत नाही, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फांद्या उतरवायच्या तरी आधी उद्यान विभागाला अर्ज द्या. वास येतो हे कारण सांगून उभं निरोगी झाड तोडायची परवानगी मिळेल असं मला वाटत नाही आणि खरं सांगायचं तर मिळूही नये.

पण सासूबाईंचा त्रास खरा आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. सप्तपर्णीचा बहर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास येतो, वास संध्याकाळनंतर चढतो. तेवढे दिवस त्यांची झोपायची खोली बदला किंवा त्या बाजूची खिडकी सूर्यास्ताआधी लावून घ्या, आणि डॉक्टरांना आधीच, सप्टेंबरमध्येच दाखवून घ्या. खिडकीला टेकलेल्या फांद्या परवानगी काढून पावसाळ्यानंतर लगेच उतरवल्या तर त्या फांद्यांवरचा त्या वर्षीचा बहर टळतो.

सप्तपर्णी म्हणजे आपला सातवीण, सह्याद्रीतलं झाड, पूर्वी याच्या हलक्या लाकडाच्या पाट्या करायचे मुलांना लिहायला. जंगलात एकटंदुकटं असतं तेव्हा तो वास सुंदर वाटतो. बिल्डरने चार इमारतींच्या मधल्या बोळात ओळीने चार लावली, वारा खेळायला जागा नाही, त्यात झाडाची काय चूक. ज्यांना अजून लावायची आहेत त्यांनी घराजवळ सप्तपर्णी लावू नये एवढंच.

प्रश्न (नागपूर): बहावा लावायचा आहे, ४० बाय ६० चा प्लॉट आहे, मागे बरीच मोकळी जागा. पण जमीन काळी आहे आणि घराला आधीच बारीक भेगा आहेत. बी लावू की रोप? किती लांब लावू?

तुम्ही मोजमाप दिलंत, बरं वाटलं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात सुकली की आक्रसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते तुम्ही बघितलंच असेल. तेच घराखाली होतं. झाड जवळ असलं की ते उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतं आणि ती माती अजून जास्त आक्रसते, म्हणून भेगा वाढतात. मुळं भिंत ढकलतात म्हणून भेग पडते असं लोक समजतात पण काळ्या मातीत बऱ्याचदा हे पाणी ओढण्याचं काम असतं. म्हणून घरापासून किमान २० फूट लांब लावा, तुमच्याकडे मागे जागा आहे तेव्हा अगदी मागच्या कोपऱ्यात, पण शेजाऱ्यांच्या घरापासूनचं अंतरही बघा हं, त्यांचा पायाही त्याच मातीत आहे.

बहाव्याला पाणी साचलेलं सोसत नाही. काळ्या मातीत तीन फुटांचा खड्डा खणून त्यात मऊ माती भरली की पावसाळ्यात त्याची विहीर होते, चहूबाजूंचं पाणी त्यातच उतरतं आणि मुळं कुजतात. तुम्ही उलटं करा. खड्डा दोन फुटांचाच, निघालेल्याच मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून परत भरा आणि वर फूटभर उंचीचा पसरट उंचवटा करून त्यावर रोप लावा. विदर्भात माझ्या ओळखीत हे ज्यांनी केलं त्यांची रोपं पहिला पावसाळा निभावली.

बी की रोप? मला विचाराल तर बी. बहाव्याचं सोटमूळ लवकर खाली जातं, जागेवर रुजलेलं झाड उन्हाळ्याला जास्त घट्ट उभं राहतं आणि तुमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो. झाडाखाली पडलेली काळी कडक शेंग आणा, हातभर लांब असते, फोडली की आत नाण्यांची चळत लावावी तशा पातळ चकत्या आणि प्रत्येक चकतीला चिकटलेला काळा चिकट गर, त्यात एकेक बी. बी तांबूस, गुळगुळीत आणि इतकं टणक की नुसतं पेरलं तर महिनोन्महिने तसंच पडून राहतं. पॉलिशपेपरवर एका बाजूने घासा, आतला फिकट रंग दिसेपर्यंत, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी जे टम्म फुगलेलं दिसेल ते पेरा. तीन-चार बिया पेरून नंतर जोमदार एक ठेवा. गर मुलांना चाखू देऊ नका, जुलाब होतात, औषधातही त्यासाठीच वापरतात.

फुलायला पाच-सात वर्षं धरा, कधी जास्तही. ऐन मार्च-एप्रिलमध्ये पानं गळून झाड भकास दिसेल तेव्हा मेलं समजू नका, त्यानंतरच ते पिवळे झुंबर लटकतात.

प्रश्न (पिंपरी-चिंचवड): लवकर वाढणारं, कमी पाण्याचं, पानं न गाळणारं झाड सुचवा, शेजारच्या बिल्डिंगचा आडोसा हवाय.

हे वर्णन घेऊन नर्सरीत गेलात तर तुम्हाला कॉनोकार्पस देतील. घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, मुळं पाइपलाइन आणि केबलमध्ये घुसतात अशा तक्रारी होत्या. भराभर वाढणारी झाडं बहुतेक मऊ लाकडाची असतात, बुचाचं झाड बघा, वास स्वर्गीय, पण उंचच उंच जातं आणि वाऱ्यात मोडतं. आडोशाला कुंतीचं कुंपण करा, काही ठिकाणी कामिनी म्हणतात, दहा फुटांपर्यंत दाट होतं, कायम हिरवं, पांढरी सुवासिक फुलं, कापलं तरी रागावत नाही. दोन-तीन वर्षं थांबावं लागेल. तोवर बांबूची चटई लावा.

प्रश्न (श्रीवर्धन): निसर्ग वादळात आमच्या पोफळी आणि आईने लावलेला जुना अशोक गेला. पुन्हा अशोक लावायचा म्हणून रोप आणलं तर ते सरळसोट उंच वाढतंय, आईच्या झाडासारखं दिसत नाही. आईचं झाड फुलायचं तेव्हा खोडालाच केशरी गुच्छ लागायचे. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला दिलेलं झाड आसुपालव आहे. नर्सरीत त्यालाच सर्रास अशोक म्हणतात, शाळा-ऑफिसांच्या कडेला रांगेत उभे असतात ते. आईचा होता तो सीताअशोक, खरा अशोक.

ओळखायचं सोपं आहे. आसुपालवाचं पान एकेकटं, लांब, कडेला लाटा असलेलं. सीताअशोकाच्या एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या असतात, आणि नवी पालवी येते ती तांबूस, लुसलुशीत आणि खाली लोंबणारी, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झाड सुकलं. हात लावून बघा, ओल्या रेशमासारखी लागते. फुलं फेब्रुवारी-मार्चला, आधी पिवळट केशरी मग लाल होत जातात, म्हणून एकाच गुच्छात दोन-तीन रंग. जंगलात तो आता फार कमी उरलाय, सालीसाठी ओरबाडला गेलाय, त्यामुळे तुम्ही पुन्हा लावताय हे ऐकून मला मनापासून आनंद झाला.

पण एक अडचण आहे. सीताअशोकाला लहानपणी सावली लागते आणि तुमच्या पोफळी ३ जून २०२० लाच गेल्या, म्हणजे परसात आता रखरखीत ऊन असणार. आधी केळी लावा, दक्षिण आणि पश्चिम बाजूला चार-पाच खुंट, वर्षभरात सावली होते. मग त्यांच्या आडोशाला अशोक लावा, न्हाणीघराचं पाणी जिथून जातं त्याच्या जवळ, पण पाटातच नाही, आणि साबणाचं पाणी थेट मुळाशी नको. तुमच्याकडे जून-जुलैचा पाऊस रोप झोडपून काढतो, ऑगस्टच्या मध्यावर लावलंत तरी चालेल. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला घराची भिंत आड येईल अशी जागा बघा. रोप घेताना नावावर जाऊ नका, पान बघून घ्या.

आणि जागा असेल तर शेजारी एक सुरंगी. कोकणात आता तिच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे करणाऱ्या बायकाच सांगतात की सुरंगीची झाडं कमी झाली. तिला फुलायला बरीच वर्षं लागतात, पण आईच्या झाडाच्या जागी झाड लावणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

प्रश्न (नाशिक): टेरेसवर ड्रममध्ये कुठलं फुलझाड येईल? घर तिसऱ्या मजल्यावर.

पांढरा चाफा. १०० लिटर मावेल असा अर्धा कापलेला ड्रम घ्या, ओल्या मातीसकट तो दीडशे किलोच्या घरात जातो, म्हणून बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर ठेवा, स्लॅबच्या मध्यात नको, आणि विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून वारा लागेल, गळती दिसेल. रोप विकत आणायची गरज नाही, कुणाकडून तरी दीड-दोन फुटांची जाड फांदी मागा. तोडल्यावर पांढरा चीक येतो, डोळ्यात जाऊ देऊ नका. ती फांदी सावलीत आठ-दहा दिवस नुसती पडू द्या, तोंड सुकलं पाहिजे, लोक ताजीच खोचतात आणि मग कुजली म्हणून रडतात. अर्धी वाळू असलेल्या मातीत लावा, पाणी बेताचं. पावसाळ्यात पानाच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा, ती पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. थंडीत पानं गळतात, तेव्हा पाणी जवळजवळ बंद.

पारिजातकही येतो ड्रममध्ये, पण वर्षातून एकदा छाटावा लागतो.

प्रश्न (न्यू जर्सी): काकू, इथे घर घेतलं, बॅकयार्ड आहे. आजोळच्या अंगणात कांचन आणि ताम्हण होते. इथल्या बर्फात यातलं काही जगेल का?

तेच झाड नाही जगणार बाळा, कडक थंडीत दोन्ही जातील. पण त्यांची भावंडं तुझ्याकडे आहेत. तिकडचा रेडबड कांचनच्याच घराण्यातला, अमेरिकेच्या पूर्व भागातलं मूळचं झाड, एप्रिलमध्ये पानं यायच्या आधी काळ्या फांद्यांना सरळ गुलाबी फुलं चिकटतात. पान कांचनसारखं दुभंगलेलं नसतं, अखंड बदामी असतं. २०-३० फुटांचा होतो, घराला शोभतो.

आणि क्रेप मर्टल तर ताम्हणाची सख्खी बहीण, फूल हातात घेतलंस तर तशाच चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या पाकळ्या दिसतील. जुलै ते सप्टेंबर फुलते. थंडी सोसणारी जात मागून घे, दक्षिणेकडचं ऊन मिळणाऱ्या भिंतीजवळ लाव, पहिल्या दोन हिवाळ्यांत बुडाशी पानांचा जाड थर घाल. शेजारीपाजारी हिवाळ्यात तिचे शेंडे खुंटासारखे छाटतात ते बघून तू करू नकोस, झाडाचा आकार कायमचा जातो. ती उशिरा जागी होते, मे उजाडला तरी काड्याच दिसतील, नखाने साल किंचित खरवडून बघ, आत हिरवं असेल तर थांब.